रामभाऊ म्हाळगी आणि पसंतीची टक्केवारी

१९८० च्या जानेवारीत सातव्या लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागले तेव्हा महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मोठ्या जल्लोषात दिल्लीचे राज्य हाती घेणाऱ्या जनता पक्षाच्या पदरात साऱ्या देशातून अवघ्या ३१ जागा पडल्या, आणि त्यांतील ८ महाराष्ट्राच्या होत्या. या आठांमधील एक ठाण्याची. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ अशा रेल्वेच्या रुळांभोवती वाढलेल्या वस्त्यांच्या या मतदारसंघाने १९७७ मध्ये रामचंद्र काशिनाथ म्हाळगी यांना निवडून दिले होते. पक्ष मोडला, सरकार कोसळले, पंतप्रधान बदलले, तरी १९८० मध्ये याच मतदारसंघाने पुन्हा त्याच म्हाळगींना लोकसभेत पाठविले. हे का घडले असावे, हा प्रश्न चार दशकांनंतरही विचार करण्याजोगा आहे. कारण त्यामागे निवडणुकीच्या राजकारणातला एक जुना आणि अद्याप न सुटलेला पेच आहे: लोकप्रतिनिधीच्या कामाबद्दल मतदाराला वाटणारी पसंती त्याला पुन्हा निवडून आणावयास कितपत उपयोगी पडते?

अमेरिकेत हा पेच त्यांनी आकड्यांत बांधून ठेवला आहे. १९३० नंतरच्या दशकात गॅलप यांच्या संस्थेने नागरिकांना एक साधा प्रश्न विचारावयास आरंभ केला. अध्यक्ष आपले काम ज्या रीतीने करीत आहेत ती रीत तुम्हांला पसंत आहे की नाही, एवढाच तो प्रश्न. होकार देणाऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे अध्यक्षाची पसंती. तेव्हापासून प्रत्येक अध्यक्षाच्या कारकिर्दीचा हा आलेख तापाच्या तक्त्यासारखा काढला जातो, आणि पन्नाशीच्या वर असलेला अध्यक्ष बहुधा पुन्हा निवडून येतो व चाळिशीच्या खाली गेलेला बहुधा घरी जातो, असा एक ठोकताळा तेथील पंडितांनी बसविला आहे. ठोकताळा खरा, पण त्याला तडेही पुष्कळ गेले आहेत. १९४८ च्या वसंतात हॅरी ट्रुमन यांची पसंती चाळिशीच्या खाली होती. नोव्हेंबरात ते निवडून आले आणि भाकिते करणाऱ्यांचीच फजिती झाली. उलट थोरले जॉर्ज बुश यांची पसंती आखाती युद्ध जिंकल्यावर १९९१ च्या मार्चमध्ये ८९ टक्क्यांवर पोचली होती, आणि पुढल्याच वर्षी ते क्लिंटन यांच्याकडून पराभूत झाले. जिमी कार्टर यांची कथा आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे, कारण वर्ष तेच, १९८०. १९७९ च्या उन्हाळ्यात कार्टर यांची पसंती तिशीच्या आत आली होती. तेहरानमधील वकिलातीतले अमेरिकन ओलीस धरले गेले तेव्हा देश अध्यक्षाच्या पाठीशी उभा राहिला आणि तीच पसंती पन्नाशीच्या वर चढली. ओलीस काही सुटले नाहीत आणि काही महिन्यांत ती पुन्हा खाली आली. नोव्हेंबर १९८० मध्ये रेगन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. म्हणजे ज्या वर्षाच्या आरंभी ठाण्याचा खासदार लाटेविरुद्ध तरला, त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचा अध्यक्ष लाटेत बुडाला.

ही तुलना ताणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. अमेरिकेचा अध्यक्ष एकटा असतो आणि त्याच्या नावावर मत मागतो. त्याच्याविषयीची पसंती आणि त्याला पडणारे मत यांच्यामध्ये दुसरे कोणी उभे नसते. आपल्याकडे शिक्का मारावयाचा तो स्थानिक उमेदवाराच्या चिन्हावर, आणि मनात बहुधा असतो दिल्लीचा नेता. आपल्या देशात लोकमताच्या पाहण्या १९५० नंतरच्या दशकातच एरिक डा कोस्टा यांच्या संस्थेने सुरू केल्या, १९८० नंतर प्रणय रॉय प्रभृतींनी त्या घरोघरी पोचविल्या, आणि आता तर दर पंधरवड्याला कोणीतरी पंतप्रधानांच्या लोकप्रियतेचा आकडा जाहीर करीत असतो. परंतु ठाण्याच्या किंवा कल्याणच्या खासदाराचे काम तेथील मतदाराला कसे वाटते, हे पद्धतशीरपणे आणि सातत्याने विचारण्याची गरज कोणाला भासलेली नाही. त्याचे मोजमाप एकच, मतपेटी. ती पाच वर्षांतून एकदा उघडते आणि तिच्यात नेत्याची लाट व खासदाराची पसंती हे दोन्ही पदार्थ एकत्र कालवलेले असतात. लाट अनुकूल असली तर पसंती किती होती ते कळत नाही. ती थोडीफार दिसते लाट उलटी फिरल्यावरच. रामभाऊ म्हाळगींचे सार्वजनिक आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, कारण त्यांनी लाटेवर स्वार होऊनही निवडणूक जिंकली आणि लाटेला छाती देऊनही.

रामभाऊंचा जन्म १९२१ चा, पुणे जिल्ह्यातील कडूस या गावचा. कायद्याचे शिक्षण, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्कार, आणि १९५१ मध्ये भारतीय जनसंघाची स्थापना झाल्यावर महाराष्ट्रात त्या पक्षाच्या बांधणीचे काम, असा त्यांचा तरुणपणाचा मार्ग. त्या काळी महाराष्ट्रात जनसंघ हा पक्ष म्हणजे काही शहरांतल्या काही पेठांचा पक्ष होता. निवडून येण्यासाठी कोणी त्यात जात नसे. तथापि १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने सारे चित्र पालटले. समितीच्या झेंड्याखाली कम्युनिस्टांपासून जनसंघापर्यंत परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. मुंबई राज्याच्या विधानसभेत जनसंघाचे जे चार आमदार त्या वेळी निवडून गेले त्यांत मावळचे रामभाऊ म्हाळगी होते. मावळ हा डोंगरदऱ्यांचा, भातशेतीचा, धरणांत जमिनी गेलेल्या खेडुतांचा तालुका. जनसंघाचा म्हणून ओळखला जाणारा मतदार तेथे फारसा नव्हता. ही निवड लाटेची होती हे मान्य करावयास हरकत नाही.

पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ज्या मागणीसाठी समिती होती ती मागणी पुरी झाली आणि समितीचे प्रयोजनच संपले. १९६२ च्या निवडणुकीत यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. जनसंघाला महाराष्ट्रात एकही जागा मिळाली नाही, आणि मावळचे प्रतिनिधित्व रामभाऊंकडून गेले. पाच वर्षे विधानसभेत नेटाने काम करणाऱ्या माणसाचे हे काम मतपेटीत कोठे गेले? आमच्या मते ते कोठे गेले नाही, ते अपुरे पडले. लाटेने आलेला प्रतिनिधी लाट ओसरल्यावर स्वतःच्या पायावर उभा राहावयाचा तर त्याला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्याची वार्ता मतदाराच्या कानांवर जाण्याची काही व्यवस्था लागते. मावळच्या खेड्यांत १९६० च्या सुमारास वृत्तपत्र किती घरांत जात असेल? आमदाराने विधानसभेत काय विचारले हे शेतकऱ्याला कोण सांगणार? पक्षाचा कार्यकर्ता सांगणार म्हणावे तर पक्षच नाही. रामभाऊंच्या पुढल्या आयुष्यातला मतदारांपुढे हिशेब ठेवण्याचा जो विलक्षण ध्यास दिसतो, त्याची मुळे या पराभवात असावीत असा आपला एक तर्क. पुरावा म्हणून तो कोणी मानू नये.

१९६७ मध्ये ते पुणे शहरातून विधानसभेवर निवडून आले. येथे मतदार वाचणारा होता, सभा ऐकणारा होता, आणि पक्षाची मुळेही येथे होती. या निवडीत आश्चर्य नाही. खरी कसोटी लागली ती १९७२ मध्ये. डिसेंबर १९७१ च्या बांगला देश युद्धातील विजयाने इंदिरा गांधींची लोकप्रियता कळसाला पोचली होती. अमेरिकन पद्धतीने कोणी मोजली असती तर बुश यांच्या ८९ टक्क्यांच्या आसपास ती भरली असती, असे मानावयास हरकत नाही. मार्च १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातील २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. भल्याभल्यांच्या अनामती जप्त झाल्या. जनसंघाचे पाच आमदार तेवढे राहिले आणि त्यांत रामभाऊ होते. एवढ्या मोठ्या लाटेत जो टिकतो त्याच्या मागे पक्षाचा एक पक्का गठ्ठा असतो हे खरे. पण पक्का गठ्ठा असलेले आणखीही पुष्कळ उमेदवार त्या वर्षी पडले होते.

विधानसभेतील रामभाऊ हे गर्जना करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचे हत्यार म्हणजे प्रश्न. सभागृहाचे कामकाज ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की तारांकित प्रश्न हे मोठे कौशल्याचे काम आहे. कित्येक दिवस आधी सूचना द्यावयाची, नियमांत बसेल अशी शब्दयोजना करावयाची, सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि मंत्र्याने गुळमुळीत उत्तर दिले की उपप्रश्नाने ते उलगडावयाचे. अतारांकित प्रश्नाला तर केवळ लेखी उत्तर मिळते. त्यावर टाळी नाही, बातमीही सहसा नाही. परंतु सरकारी खात्याला एकदा लेखी उत्तर द्यावे लागले की ते उत्तर कागदावर राहते, आणि त्याच कागदाच्या आधारे पुढल्या अधिवेशनात पुन्हा विचारता येते. कारकुनी म्हणून हिणवली जाणारी ही चिकाटी रामभाऊंच्या अंगी पुरेपूर होती. (आपल्या वाचकांपैकी जे कचेऱ्यांत काम करतात त्यांना या गुणाचे मोल अधिक कळेल. फाईल हलते ती भाषणाने नव्हे, स्मरणपत्राने.)

आणीबाणीत रामभाऊ स्थानबद्ध झाले. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक आली तेव्हा विरोधी पक्ष जनता पक्षात विलीन होण्याच्या मार्गावर होते आणि नांगरधारी शेतकऱ्याच्या एकाच चिन्हावर लढत होते. पुण्याची जागा मोहन धारिया यांच्याकडे होती. रामभाऊ ठाण्यातून उभे राहिले. ठाण्याला ते बाहेरचे होते. पण तो काळच असा होता की उमेदवार कोण हे पाहण्याच्या मनःस्थितीत मतदार नव्हता. महाराष्ट्रात काँग्रेसच्या वाट्याला ४८ पैकी २० जागा आल्या, जनता व तिच्या मित्रपक्षांनी बाकीच्या नेल्या. उत्तरेसारखा सफाया येथे झाला नाही, परंतु मुंबई, ठाणे, कोकणात वारे एकाच दिशेने वाहत होते. मावळच्या १९५७ प्रमाणेच ठाण्याची १९७७ ची निवड लाटेची होती.

आता हा मतदारसंघ कसा होता ते पाहिले पाहिजे. ठाणे शहरात १९६७ साली शिवसेनेने नगरपालिका जिंकली तेव्हापासून त्या संघटनेचे बस्तान होते. डोंबिवली ही सकाळी रिकामी होणारी आणि रात्री भरणारी वसाहत. मुंबईच्या बँकांतले, विमा कचेरीतले, मंत्रालयातले, गिरण्यांच्या हापिसांतले लोक येथे स्वस्त भाड्याच्या खोल्यांत राहावयास आले होते. पाण्याचे हाल, लोकलची गर्दी आणि रस्त्यांवरचे खड्डे ही त्यांची त्रिस्थळी यात्रा. कल्याण हे जुने बंदर आणि मोठे जंक्शन. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावण्यांतून उभे राहिलेले, कारखानदारीत रमलेले. अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना. खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गावे, आणि बेलापूरच्या बाजूला १९७० नंतर सिडकोने नव्या मुंबईसाठी जमिनी घ्यावयास आरंभ केल्यामुळे अस्वस्थ झालेला शेतकरी. ठाणे व कल्याण तेव्हा महानगरपालिका नव्हत्या. त्या १९८२ व १९८३ मध्ये झाल्या. म्हणजे नळाला पाणी येईना तरी गाऱ्हाणे घेऊन जावयाचे ते नगरपालिकेकडे, आणि तेथे दाद लागली नाही तर आमदार-खासदारांकडे.

अशा मतदारसंघात रामभाऊंनी जे केले ते तसे पाहता साधे होते. प्रत्येक वर्षाच्या कामाचा अहवाल ते छापून मतदारांपुढे ठेवीत. सभागृहात काय केले आणि मतदारसंघाच्या प्रश्नांचे काय झाले याचा तो हिशेब असे. आलेल्या पत्राला उत्तर द्यावयाचे हा त्यांचा शिरस्ता होता, आणि तो ते पाळीत. लोकसभेच्या छापील कार्यवृत्तांत त्या वर्षांत प्रश्नकर्ता म्हणून त्यांचे नाव वारंवार भेटते. आता हे वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, यात विशेष ते काय? आज प्रत्येक आमदार-खासदाराचा गुळगुळीत कागदावरचा रंगीत कार्य-अहवाल निवडणुकीच्या आधी सहा महिने आपल्या दाराखालून सरकविला जातोच की. फरक येथेच आहे. आजचा अहवाल बहुतांशी कामांच्या छायाचित्रांचा असतो. समाजमंदिर, गटार, व्यायामशाळा, बाकडी. १९९३ च्या डिसेंबरात खासदारांसाठी स्थानिक विकासाचा निधी सुरू झाला. तो वर्षाला ५ लाखांपासून वाढत १९९४ मध्ये एक कोटीवर, पुढे दोन कोटींवर आणि २०११ पासून पाच कोटींवर गेला. तेव्हापासून खासदाराची ओळख त्याने बांधलेल्या वस्तूवरच्या फलकाने होऊ लागली. रामभाऊंच्या काळी असा निधी नव्हता. मतदाराला दाखवावयास त्यांच्याजवळ विटा नव्हत्या, होती ती केवळ केलेली विचारपूस, लिहिलेली पत्रे आणि मिळालेली उत्तरे. आणि अहवाल निवडणुकीच्या हंगामात नव्हे, दर वर्षी. निवडणूक जवळ नसताना दिलेला हिशेब वेगळ्या वजनाचा असतो. तेव्हा देणाऱ्याला लगेच काही घ्यावयाचे नसते.

१५ जुलै १९७९ रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. जनता पक्षातून फुटलेल्यांनी फुटण्याचे जे कारण पुढे केले ते दुहेरी सदस्यत्वाचे, म्हणजे संघाशी नाते ठेवणाऱ्यांना पक्षात स्थान असावे काय याचे. रामभाऊ स्वतः त्या वादातल्या एका बाजूचे होते. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली. ठाण्याच्या खासदाराला मिळालेली मुदत अडीच वर्षेही भरली नाही. साखर, रॉकेल, कांदा यांचे भाव आणि दिल्लीतल्या भांडणाचा उबग यांनी मतदार पेटलेला होता. जनता पक्षाची पसंती त्या वेळी कोणी मोजली असती तर कार्टर यांच्याही खाली भरली असती!

तरी रामभाऊ निवडून आले. त्यांच्या चाहत्यांनी याचे सारे श्रेय वार्षिक अहवालाला आणि पत्रोत्तरांना दिले. ते तसेच स्वीकारणे बरोबर होणार नाही. जनता पक्षाच्या महाराष्ट्रातील आठ जागांकडे नकाशावर पाहावे. राजापूर, रत्नागिरी, ठाणे आणि मुंबईच्या सहांपैकी पाच. आठही जागा एकाच किनारपट्टीवर! तेव्हा ठाण्यात जे घडले ते मुंबई-कोकणात सर्वत्रच घडले असे म्हणता येईल. अहवाल छापणारा खासदार काही त्या आठही ठिकाणी नव्हता. मुंबईच्या पगारदार वर्गाने इंदिरा गांधींना आणीबाणीची क्षमा केली नव्हती, आणि डोंबिवलीचा मतदार म्हणजे मुंबईचाच मतदार, फक्त रात्रीच्या मुक्कामाला तासभर दूर. हा आक्षेप वजनदार आहे.

परंतु नकाशावर आणखी थोडे पाहावे लागते. ठाण्याच्या उत्तरेस डहाणूची जागा १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्टांची होती, ती १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने घेतली. दक्षिणेस कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांची होती, तीही इंदिरा काँग्रेसकडे गेली. घाटावर पुण्यात मतदार डोंबिवलीसारखाच पांढरपेशा, आणीबाणीवर तितकाच रागावलेला. तेथे विठ्ठलराव गाडगीळ इंदिरा काँग्रेसकडून निवडून आले. म्हणजे पांढरपेशा वर्गाचा राग एवढे एकच कारण पुरे पडत नाही, आणि किनाऱ्यावर असणे हेही नाही. जनता पक्षाच्या त्या आठ विजयी उमेदवारांपैकी सहा जण १९७७ मध्ये त्याच जागेवरून निवडून आलेले होते. मधू दंडवते, बापूसाहेब परुळेकर, रतनसिंह राजदा, राम जेठमलानी, सुब्रह्मण्यम स्वामी आणि म्हाळगी. स्वभावाने व राजकारणाने यांच्यात कोणतेही साम्य नाही, पण आपला खासदार कोण व तो काय करतो हे ज्याच्या-त्याच्या मतदाराला ठाऊक होते, एवढे साम्य निश्चित आहे. पक्षाचे नाव बुडाले तेव्हा ज्यांना स्वतःचे नाव होते ते तरले. रामभाऊंना हे नाव वक्तृत्वाने मिळाले नव्हते, मंत्रिपदाने तर नव्हतेच. ते टपालाने मिळाले होते असे म्हटले तरी चालेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, मग ती आपल्या वाचकवर्गाला रुचो वा न रुचो. छापील अहवाल वाचतो कोण? पत्र लिहितो कोण? शिक्षक, कारकून, सेवानिवृत्त गृहस्थ, एखादा विद्यार्थी. अंबरनाथच्या झोपडवस्तीतला कामगार किंवा खाडीकाठचा मिठागरावरचा मजूर खासदाराला पत्र लिहीत नाही. तो दारात येतो किंवा येतच नाही. तेव्हा टपालातून उभी राहिलेली पसंती ही अर्ध्या मतदारसंघाची पसंती असण्याचा धोका असतो. लोकमताच्या पाहण्यांतही नेमका हाच दोष शिरतो: जो सहज भेटतो, सहज बोलतो, त्याचेच मत सर्वांचे म्हणून मोजले जाते. १९४८ मध्ये ट्रुमन यांच्याविषयी चकलेल्या पाहण्यांवर पुढे जे दोष ठेवले गेले त्यांत हाही एक होता. रामभाऊंच्या पद्धतीतली ही उणीव त्यांच्या गौरवग्रंथी भाषणांतून कोणी सांगत नाही. ती सांगितल्याने त्यांचे मोल कमी होते असे आम्हांस वाटत नाही. ज्याला वाचता येते त्याला तरी हिशेब दिला पाहिजे, एवढेही त्या काळी कोणी मानीत नव्हते.

आणि या पसंतीचे माप किती? आमचा अंदाज असा की अनुकूल लाटेत ती असून नसल्यासारखी आणि अतिप्रचंड प्रतिकूल लाटेत ती अपुरी. मधल्या परिस्थितीत, जेव्हा दहा मतदारांपैकी सहा-सात जण नेत्याकडे पाहून ठरवून मोकळे झालेले असतात आणि उरलेले तीन-चार जण घुटमळत असतात, तेव्हा त्या घुटमळणाऱ्यांपैकी एखाद्याला ती आपल्या बाजूला ओढते. निवडणुका बहुधा याच एखाद्याच्या मताने जिंकल्या वा हरल्या जातात. त्या एका मताकरिता वर्षानुवर्षे पत्रे लिहीत बसणे हा व्यवहाराच्या दृष्टीने आतबट्ट्याचा धंदा आहे, हे कोणताही हिशेबी राजकारणी सांगेल. रामभाऊ तो करीत राहिले, यावरून त्यांच्या लेखी अहवाल हे पुन्हा निवडून येण्याचे केवळ साधन नसावे असा निष्कर्ष निघतो. निवडून दिल्याचे ते देणे होते. देणे फेडताना मतही मिळाले तर त्याला त्यांची ना नव्हती.

६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि रामभाऊ त्यात गेले. ठाण्याचे प्रश्न लोकसभेत मांडण्याचे काम चालूच होते. मार्च १९८२ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी निघाली. भाईंदरजवळ उत्तन येथे ती लोकप्रतिनिधींच्या व कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम करते. रिकाम्या झालेल्या जागेसाठी १९८२ मध्ये जी पोटनिवडणूक झाली तीत भाजपचे जगन्नाथ पाटील विजयी झाले. या विजयात रामभाऊंच्या पुण्याईचा वाटा होता असे तेव्हा सर्रास बोलले गेले, आणि ते खोटे म्हणवत नाही.

पण पुण्याई वारशाने किती दिवस पुरते याचे उत्तर दोन वर्षांतच मिळाले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली. डिसेंबरातील निवडणुकीत काँग्रेसने देशात चारशेहून अधिक आणि महाराष्ट्रात ४३ जागा जिंकल्या. ठाण्यातून काँग्रेसचे शांताराम घोलप निवडून आले. महाराष्ट्रात ज्या पाच जागा काँग्रेसच्या हाती लागल्या नाहीत त्यांत राजापूरचे मधू दंडवते होते, आणि ठाण्याच्या खाडीपलीकडचे, कुलाब्याचे दि. बा. पाटील होते. १९८० मध्ये कुलाब्याच्या मतदाराने त्यांच्या पक्षाची जागा काढून घेतली होती. जानेवारी १९८४ मध्ये नव्या मुंबईच्या जमिनींसाठी उरणच्या बाजूला शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. दि. बा. त्या आंदोलनाचे नेते होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, साऱ्या देशात सहानुभूतीचा महापूर असताना, कुलाब्याने त्यांना लोकसभेत परत पाठविले.